निर्मलानं हैदराबाद निवडलं तेव्हा

निर्मला धोडी माझ्या लक्षात आली ती एका उत्तरपत्रिकेमुळे. मी तलासरीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात 'भारताच्या परराष्ट्र धोरणाची उद्दिष्टे लिहा' असा प्रश्न होता. सगळ्यांनी गाईडमधले पाच मुद्दे लिहिले होते. निर्मलानंही ते पाच लिहिले, आणि खाली सहावा: 'परदेशात तुरुंगात असलेल्या आपल्या माणसाला भेटून त्याचं नाव-गाव नीट लिहून घेणे.'

मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही, मॅडम. गाईडमध्ये नाहीच आहे. पण असतं."

"कशावरून?"

"माझ्या बाबांना भेटायला आला होता ना एक साहेब. कराचीत."

वर्गात ती खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. त्या दिवशी मात्र तिनं सगळं क्रमानं सांगितलं. पुढे तिच्या वडिलांकडूनही मी ते ऐकलं.

निर्मलाचं घर वेवजीला, पाड्याच्या अगदी टोकाला. तिथून गुजरातची हद्द इतकी जवळ की मोबाईलवर कधी महाराष्ट्राचा टॉवर लागतो, कधी गुजरातचा. तिचे वडील लक्ष्मण, पण पाड्यावर सगळे त्यांना लक्ष्याच म्हणत. पावसात स्वतःची भातशेती करायची आणि ऑगस्ट आला की इकडच्या बऱ्याच पुरुषांसारखं गुजरातच्या ओखा बंदरात जाऊन बोटीवर खलाशी म्हणून राहायचं, असं त्यांचं वर्ष होतं. निर्मला नववीत असताना, कोसबाडच्या वसतिगृहात राहून शिकत असताना, त्यांची बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली. ओलांडली हे बोटीवर कुणाला कळलंही नाही. पाण्यावर रेघ नसते. पाकिस्तानच्या गस्ती बोटीनं पकडलं तेव्हा कळलं.

तुरुंगात नाव विचारलं. लक्ष्या म्हणाले, लक्ष्या रामा. गाव? वेवजी. जिल्हा? ठाणा. तिथल्या लिहिणाऱ्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं: 'लक्षा रामा, बेवजी, ठाणा'. आपला पालघर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, पण लक्ष्यांच्या तोंडात ठाणाच होता. आणि रेशनकार्डावर, आधारवर सगळीकडे होतं 'लक्ष्मण रामा धोडी'.

शिक्षा संपली तरी माणूस आपल्याच देशाचा आहे हे इकडून कळवल्याशिवाय तिकडून सोडत नाहीत. त्यांच्या बोटीवरचे बाकीचे खलाशी सुटले, हे मात्र राहिले. ठाणे जिल्ह्यात बेवजी नावाचं गाव नाही आणि लक्षा रामा नावाचा माणूसही नाही. शेजारच्या पाड्यावरचा रघ्या सुटून आला तेव्हा त्यानं निरोप आणला, "लक्ष्याचं नाव सापडत नाय बोलतात."

निर्मला तेव्हा दहावीत होती. हा निरोप ऐकून तिची आई तानी ओटीवर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. निर्मला कोसबाडला परत गेली, वसतिगृहाच्या बाईंकडे दोन दिवस बसली आणि तिनं पत्र लिहिलं. लक्षा म्हणजे लक्ष्मण, बेवजी म्हणजे वेवजी, ठाणे जिल्ह्याचे दोन झाले आणि आमचा तालुका आता पालघरमध्ये आहे. सोबत रेशनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र, सरपंचांचा दाखला. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक कलेक्टर कचेरीत, आणि तिसरी इस्लामाबादला, आपल्या उच्चायुक्तालयाच्या पत्त्यावर. तो पत्ता बाईंनी इंटरनेटवरून काढून दिला होता.

तीनपैकी नेमकं कुठलं पत्र कामी आलं हे कुणालाच ठाऊक नाही. पण दोनेक महिन्यांनी आपला एक अधिकारी तुरुंगात खलाशांना भेटायला आला आणि त्याच्या फाईलमध्ये निर्मलाचं पत्र होतं.

"त्यानं मना बसाया खुर्ची दिली," लक्ष्यांनी मला सांगितलं. "मग विचारलं, तुमची पोरगी कितवीला हाय. मी बोललो, दहावी. तो बोलला, अक्षर चांगलं हाय तिचं."

दहावीचा शेवटचा पेपर होऊन तीन आठवडे झाले होते तेव्हा ते अटारी सरहद्दीच्या दारातून परत आले. ते घरी येऊन आठवडा झाला. मग निर्मलानं एकच प्रश्न विचारला, "बाबा, त्या साहेबाची नोकरी कसली असते? ती कशी मिळते?"

बाबांना ते माहीत नव्हतं. वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं, परराष्ट्र सेवा. त्यासाठी आधी पदवी हवी. म्हणून ती आमच्या कॉलेजात राज्यशास्त्राला आली.

उत्तरपत्रिकेवरचं प्रश्नचिन्ह मी खोडलं आणि एक गुण वाढवला. त्या दिवसापासून ती माझी विद्यार्थिनी झाली, म्हणजे मी तिला माझी समजू लागले.

हे थोडं सांगायला हवं. मी किनाऱ्यावरच्या चिखले गावची, मच्छीमाराच्या घरातली. वीस वर्षांपूर्वी मला दिल्लीच्या एका मोठ्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला होता आणि मी गेले नाही. कारण सांगण्यासारखं मोठं नाही. घरात कुणी जाऊ नको म्हटलं नाही, पण जा असंही कुणी म्हटलं नाही. मी एम.ए. बाहेरून केलं, नेट दिली, नोकरी लागली. वाईट काही झालं नाही. पण निर्मला तिसऱ्या वर्षाला आली आणि पुढच्या प्रवेशाची गोष्ट निघाली तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं गाव नव्हतं.

आम्ही दोघींनी मिळून अर्ज भरले. केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा तिनं वापीच्या केंद्रावर दिली. जूनच्या शेवटी तिच्यापुढे तीन जागा होत्या. दिल्लीचं ते विद्यापीठ. दिल्लीजवळचंच एक नवं खाजगी विद्यापीठ, जिथे 'राजनय' नावाचाच स्वतंत्र अभ्यासक्रम होता आणि एक सत्र परदेशात. आणि तिसरं हैदराबादचं एक विद्यापीठ. ते यादी पुरी करायची म्हणून मीच भरायला लावलं होतं.

खाजगी विद्यापीठाची मुलाखत ऑनलाइन होती. वेवजीला नेटचा भरवसा नाही, म्हणून ती आमच्या कॉलेजच्या वाचनालयात माझ्या लॅपटॉपसमोर बसली. पलीकडे तिघं होते. परराष्ट्र सेवेत का जायचंय, असं त्यांनी विचारलं. तिनं जे घडलं ते सांगितलं, रडगाणं न गाता, जसं मला सांगितलं होतं तसं. मधल्या बाई चष्मा काढून पुसत होत्या. चार दिवसांत मेल आला: प्रवेश पक्का, फी पूर्ण माफ. आम्ही दोघी खूश झालो. त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकातला फोटो मी तोवर तीनदा बघितला होता: काचेची इमारत, पुढे झेंड्यांची रांग.

आठवड्यानं दुसरा मेल आला. विद्यापीठाच्या पुढच्या माहितीपत्रकासाठी निर्मलाच्या वडिलांचा फोटो आणि त्यांचं तीन मिनिटांचं बोलणं हवं होतं. शक्य असेल तर तुरुंगातून आणलेली एखादी वस्तूही हातात असावी. फीमाफीचे पैसे प्रसिद्धीच्याच निधीतून येतात, असं खाली सभ्य भाषेत लिहिलं होतं.

मी तिला म्हटलं, "बाबांना विचारून तरी बघ." मी स्वतःच तिच्याबरोबर वेवजीला गेले.

लक्ष्या अंगणात कुडाला शेण लावत होते. हात धुऊन आले आणि सगळं नीट ऐकून घेतलं. तानी आतून चहा घेऊन आली, तीही ऐकत उभी राहिली.

"माझा फोटो तिकडं एकदा काढलाय," लक्ष्या शांतपणे म्हणाले. "हातात पाटी धराया लावली होती. पाटीवर नंबर." मग चहाचा कप उचलून, "पण पोरीचं शिक्षण होत असंल तर काढू दे. मना काय त्याचं."

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना," मी म्हटलं.

"मना वाटतं ते तिला कळतं."

निर्मलानं चहा संपवला. कप धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं मेल लिहिला, मला दाखवून पाठवला: प्रवेश हवा आहे, वडिलांचा फोटो आणि मुलाखत देता येणार नाही. उत्तर आलं ते सभ्यच होतं. आता फीमाफी निम्मी राहिली होती. निम्मी म्हणजे तिच्या घराला पूर्ण नाहीसारखीच. ते दार तिनंच लावून घेतलं.

मला मनातून बरंच वाटलं. आता दिल्लीच, असं मी धरून चालले. पण ती एक वही घेऊन बसली. दोन्ही विद्यापीठांतल्या मुलांचे नंबर तिनं कुठून कुठून मिळवले होते आणि प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारत होती: दुसऱ्या देशात अडकलेल्या माणसाला सोडवायचं काम तुमच्याकडे कोण शिकवतं?

दिल्लीची एक मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, "इथे सिद्धांत शिकवतात, आणि फार छान शिकवतात. पण ते काम सेवेत गेल्यावर शिकवतात. आमच्या वर्गात कुणी तो विषय काढतही नाही." हैदराबादच्या मुलानं सांगितलं की सागरी कायदा हा तिथे निवडीचा विषय आहे, शिकवणारे सर आधी बंदरांवर वकिली करत होते. आणि संध्याकाळी उर्दूचा वर्ग असतो, कुणालाही बसता येतं. त्यानं उर्दूच्या सरांचा नंबर दिला.

तिनं माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून मोईनुद्दीन सरांनी स्वतः उचलला. आवाज वयस्कर होता, घाई नसलेला.

"कौन कौन सी ज़बानें आती हैं आपको?"

निर्मलानं बोटं मोजली. घरची वारली, मराठी, गुजराती, हिंदी, आणि वाचण्यापुरती इंग्रजी.

"पाँच हो गईं. छठी भारी नहीं लगेगी," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आवडलं नाही, कारण तिचं ठरलंय हे मला कळलं होतं.

त्या रविवारी ती चिखल्याला आमच्या घरी आली. माझी आई पावसाळ्यासाठी साठवलेले सुके बोंबील निवडत होती. निर्मला न सांगता तिच्या मदतीला लागली. काम करता करताच म्हणाली, "मॅडम, मी हैदराबादला जाते."

मी खूप बोलले. दिल्लीचं नाव आयुष्यभर पाठीशी राहतं. तिथे मोठमोठे लोक येतात. स्पर्धा परीक्षेचे सगळे वर्ग तिथे. हैदराबादच्या त्या पदवीला कोण विचारतं?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, परीक्षेला कुठलीही पदवी चालते. हे तुम्हीच शिकवलंत. एम.ए.मुळे कुणी राजदूत होत नाही, परीक्षेमुळे होतो. मग ही दोन वर्षं नावासाठी कशाला घालवू? पुढे जे शिकता येणार नाही ते आत्ता शिकून घेते. तो साहेब बाबांशी हिंदीत बोलला. बाबांना हिंदी अर्धी कळते. तुरुंगातल्या लोकांशी ते उर्दूत बोलत होते, ती त्यांना जास्त यायची. कायदा आणि भाषा. मला ह्या दोन गोष्टी पाहिजेत."

"आणि परीक्षा नाही निघाली तर? दिल्लीचं नाव तरी हाताशी राहील."

"दिल्लीत परीक्षा न निघालेले खूप असतील ना, मॅडम."

मला राग आला. "तुझं तू बघ," असं म्हणून मी आत गेले. माझ्या आईनं तिला जेवायला वाढलं. जाताना ती मला येते म्हणाली, मी मान हलवली.

पुढचे दोन आठवडे आम्ही बोललो नाही. दिल्लीच्या वसतिगृहाचा अर्ज माझ्याकडे राहिला होता, तो तिला परत द्यावा म्हणून मी कपाटातून काढला. तेव्हा दिसलं की तो सगळा माझ्या अक्षरात भरलेला आहे. कुठलं वसतिगृह हवं, तिथे मी खूण करून ठेवली होती. मुलींच्या त्या जुन्या वसतिगृहाचं नाव मला वीस वर्षांपासून पाठ होतं. तिला मी ह्याबद्दल विचारलंच नव्हतं.

मी वेवजीला गेले. निर्मला घरी नव्हती, रोप लावायला शेतावर होती. तानीनं मला बसवलं.

"मॅडम, एक विचारू? हैद्राबादला भात खातात का?"

"खातात. भातच खातात."

"मग बरं हाय. दिल्लीत रोटी खातात बोलतात. रोटीवर पोरगी अभ्यास कसा करणार?"

घरातलं मत तिकडे होतं तर. मी शेताच्या बांधावर गेले. निर्मला गुडघाभर चिखलात होती. मी म्हटलं, "हैदराबादचं वसतिगृह मिळालं का?" ती म्हणाली, "अर्ज भरायचाय, मॅडम." "मग संध्याकाळी ये. पण भरायचा तू, मी बघणार फक्त." ती हसली आणि पुन्हा खाली वाकली. एवढंच आमचं मिटवामिटवीचं बोलणं.

हैदराबादचं पहिलं सत्र तिला जड गेलं. वर्गात बाकीची मुलं इंग्रजीत वाद घालायची, ती ऐकत राहायची. पहिल्या निबंधाला काठावरचे गुण मिळाले आणि तिनं मला फोन करून ते आकडे सांगितले, बाकी काही नाही. मी काय बोलणार? दिल्लीतही हेच झालं असतं, असं मी म्हणू शकले असते. तेवढं मोठं मन मला लागलीच दाखवता आलं नाही. म्हटलं, "दुसरा निबंध कधी आहे?" तिसऱ्या निबंधाच्या वेळी सागरी कायद्याच्या सरांनी तिला वर्गापुढे वाचायला लावलं. हद्दीच्या रेषेबद्दल होता तो. पुस्तकातली बाजू सगळ्यांनाच माहीत होती. बोटीवरून ती रेघ कशी दिसत नाही, हे तिनं लिहिलं होतं.

दुसऱ्या वर्षी तिनं केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा पहिल्यांदा दिली. निघाली नाही. थोडक्यात गेली असंही नाही, चांगल्या अंतरानं गेली. तिनं सबबी सांगितल्या नाहीत. "गणित आणि तर्क कच्चे राहिले," म्हणाली, आणि त्याची पुस्तकं घेतली. एम.ए. मात्र पहिल्या वर्गात झालं.

पदवीदान समारंभाला लक्ष्या जाणार असं ठरलं तेव्हा पाड्यावर सगळ्यांना नवल वाटलं. परत आल्यापासून ते वापीच्या पुढे कुठे गेले नव्हते. बोट तर सोडलीच होती. तानीला घरची जनावरं टाकून येता येईना, म्हणून सोबत मी गेले. गाडीत त्यांनी खिडकी मागून घेतली आणि जवळजवळ सबंध रस्ता बाहेर बघत बसले. सोलापूर गेल्यावर एकदा म्हणाले, "समुद्र नाय कुठं."

समारंभ झाला. निर्मलानं बाबांना वर्ग दाखवले, वाचनालय दाखवलं, आणि मग कँटीनमध्ये मोईनुद्दीन सरांची गाठ घालून दिली. सर पांढऱ्या दाढीचे, बारीक अंगाचे. त्यांनी उठून लक्ष्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि उर्दूत विचारलं, प्रवास कसा झाला.

लक्ष्यांनी उर्दूत उत्तर दिलं.

त्यांना उर्दू येते हे ठाऊक होतं, पण आम्ही ती कधी ऐकली नव्हती; मी आणि निर्मला दोघी बघतच राहिलो. मराठी बोलताना शब्द शोधणारा हा माणूस, माझ्याशी चार-पाच वाक्यांवर कधी गेला नव्हता. आणि इथे तो अडखळत नव्हता. कराचीत दीड वर्ष बराकीत जे कानावर पडलं ते सगळं त्यांच्या जिभेवर होतं. सरांनी काही खोदून विचारलं नाही, लक्ष्याच सांगत गेले. तिथे बसल्या बसल्या मण्यांच्या पिशव्या आणि कंगणं करायला ते शिकले होते, आणि त्यांचे रंग चांगले जुळायचे म्हणून पहारेकरी आपल्या घरच्यांसाठी करून घ्यायचे. ईदला शेवया मिळायच्या. एक म्हातारा सिंधी कैदी होता, त्याला स्वतःच्या मुलीची खबर पाच वर्षं नव्हती. निर्मलाचं पत्र आल्याचं साहेबानं सांगितलं त्या दिवशी हा म्हातारा लक्ष्यांजवळ येऊन बसला आणि म्हणाला, पुन्हा सांग, काय लिहिलंय तिनं. लक्ष्यांनी पत्र पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी मनानं सांगितलं, काय काय लिहिलं असेल ते.

"क्या बताया आपने?" सरांनी विचारलं.

"बताया के घर में सब ठीक है. चावल अच्छा हुआ है. और लड़की लिखती है, अब्बा, आप का नाम मैं ने दुरुस्त कर दिया."

निर्मला टेबलावरच्या ग्लासाकडे बघत होती. घरी सात वर्षांत त्यांनी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं असं नाही, पण घरच्या भाषेत ते त्यांना सांगता आलं नसावं. भाषांतर करून मला सांगायलाही ती थांबली नाही. मला जेवढं हिंदीवरून कळलं तेवढं कळलं. चहा दोनदा आला.

बाहेर पडल्यावर लक्ष्या म्हणाले, "मास्तर चांगला हाय." मग बराच वेळ चालून, "तिथं, दिल्लीला, असा मास्तर भेटला असता का?"

ते मला विचारत होते की तिला, हे कळलं नाही.

आता निर्मला हैदराबादलाच आहे. सागरी कायद्याच्या सरांच्या एका संशोधन प्रकल्पात काम करते, सकाळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. उर्दूची दुसरी पायरी झाली. नस्तालीक लिपी हातानं लिहायला तिला वेळ लागतो, पण छापील वाचते. पूर्व परीक्षा येत्या मेमध्ये पुन्हा आहे. अर्ज तिनं भरला त्या दिवशी मला फोन केला.

मी विचारलं, "आणि ह्या वेळीही नाही झालं तर?" हा प्रश्न मी आधी एकदा रागानं विचारला होता. ह्या वेळी खरंच जाणून घ्यायचं होतं.

"वय आहे अजून, मॅडम. पुन्हा देईन," ती म्हणाली. "आणि दूतावासांत दुभाषी लागतात. त्याची परीक्षा कशी असते ते मी काढून ठेवलंय. खुर्ची कुठली मिळते ते बघू."

मग तिनं विचारलं, यंदा कॉलेजात परराष्ट्र धोरणाला मुलं किती आहेत. मी सांगितलं, एकोणीस. त्यात सात मुली.